बरोबरीच्या सामन्याचा निकाल

आमच्या मालवण किनाऱ्यास लागून असलेल्या गोव्यांत, मडगांवच्या फातोर्डा मैदानावर, ता. २० मार्च २०२२ रोजीं इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्सनें प्रथम गोल केला. गोव्याच्याच साहिल तावोरा यानें ८८ व्या मिनिटास हैदराबादची बरोबरी साधून दिली. जादा वेळांतहि निकाल लागेना, तेव्हां पेनल्टी किकांचा अवलंब झाला. हैदराबादचा गोमंतकीय गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यानें तीन खेळाडूंचे फटके अडविले. एका वेळीं तो गोलरेषेपुढें सरकला असें ठरून पंचांनीं फटका पुन्हां मारविला. तोहि त्यानें अडविला. हैदराबादनें ३-१ असा चषक जिंकला.

अशा निकालास पुष्कळ लोक जुगार म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. १९६८ सालीं युरोपीय स्पर्धेंत इटली केवळ नाणेफेकीवर अंतिम सामन्यास पोंचली. जुगार खरा तो. १२ यार्डांवरून मारलेला फटका निदान खेळाडूच्या पायावर व धैर्यावर अवलंबून असतो.

तथापि विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. नियमाप्रमाणें हे फटके सामना संपल्यावर मारले जातात. सामना बरोबरींतच राहतो. ठरतें तें चषक कोणीं न्यावा एवढेंच. मग ज्याचा फटका हुकला, त्या एकट्याच्या माथीं पराभव कां मारावा? १२० मिनिटांत दुसरा गोल साऱ्या संघासहि करतां आला नव्हता. शालेय सामन्यांत असा मुलगा मान खालीं घालून परततो आणि कधीं कधीं खेळच सोडतो. त्या सायंकाळीं त्याच्या सोबतीनें घरीं चालत जाणें, यासच आम्ही खरी खिलाडू वृत्ति समजतों.