टाकीचे घाव आणि फुटलेले दगड

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे आपण मुलांना उठता-बसता ऐकवतो. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ (१९६५) ही कादंबरी आणि तिच्यावरचे २०२१ व २०२४ सालचे चित्रपट यांच्यामुळे या म्हणीला आता परग्रहावरचा दाखला मिळाला आहे. तो म्हणजे सार्दौकार! माझे म्हणणे असे की, हा दाखला म्हणीच्या बाजूचा नव्हेच.

सार्दौकार ही बादशहा शद्दाम चौथा याची फौज. तिच्या नुसत्या नावाने मोठमोठी सरदारघराणी चळचळा कापतात. हे योद्धे येतात कोठून, हे दरबारचे गुपित. हावात नावाचा म्हातारा मुत्सद्दी ते तर्काने उकलतो: बादशहाचा तुरुंग असलेला सालुसा सेकुंडस हा ग्रहच त्यांची खाण. तेथे नव्या कैद्यांपैकी शेकडा ६० हून अधिक मरतात. कादंबरीला जोडलेला शब्दकोश सांगतो की, सार्दौकार ज्या परिस्थितीतून येतात तिच्यात १३ पैकी ६ जण वयाच्या अकराव्या वर्षाआधीच दगावतात.

भक्तमंडळी उरलेल्या सातांचे पोवाडे गातात. मी त्या सहांविषयी विचारतो. चाळणीत उरलेला दाणा चाळणीने मोठा केला, असे कोणी म्हणते काय? आणि तेरांतले सहा दगड फोडणाऱ्या पाथरवटाला आपण मूर्तिकार म्हणू काय?

बरे, त्या सातांचे तरी पुढे काय झाले? अराकिस या वाळवंटी ग्रहावर फ्रेमेन लोकांची एक वस्ती लुटून कैदी आणायला बादशहाने पाच वाहने धाडली. परत आले एक वाहन आणि तीन कैदी. समोर होत्या बहुतांशी बायका, मुले नि म्हातारे!

कोणी म्हणेल, फ्रेमेनांचे वाळवंट अधिक खडतर होते. होतेच. पण ते कोणी शिक्षा म्हणून लादले नव्हते आणि त्याचा जाच सारे वाटून घेत. मेलेल्याच्या देहातले पाणीसुद्धा टोळीच्या साठ्यात जाई. तीनशे ते पाचशे वर्षांनी ग्रह हिरवा व्हावा म्हणून ते आज थेंब साठवीत. त्यातल्या एकालाही ती हिरवळ दिसायची नव्हती. उलट, सार्दौकारांचे बळ फाजील आत्मविश्वासाने खचले होते आणि त्यांच्या योद्धाधर्माला कशावरच विश्वास न ठेवण्याची कीड लागली होती, असे तोच कोश म्हणतो.

आणि फ्रेमेनांचाही जयजयकार नको. ‘ड्यून मसीहा’ (१९६९) मध्ये त्यांच्याच तलवारीने ६१ अब्ज माणसे मेल्याचा हिशेब त्यांचा नेता स्वतः मांडतो. हालअपेष्टांनी माणूस चिवट होतो म्हणा हवे तर. शहाणा होतो, असे मात्र या आकड्यापुढे म्हणवत नाही.

तेव्हा मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्या. मात्र सात योद्धे दाखवताना ती सहा मुलेही मोजायला शिकवा. आणि पुन्हा कधी टाकीची म्हण ओठांवर आली, तर आधी हातातला दगड कोणाचा आहे तेवढे पाहा.