लेखनसीमा

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरीस नेईपर्यंत ती आपल्या उज्जयिनीत होती. त्या काळच्या मराठी कारकुनाला पत्राचा आरंभ सुचण्याची वाट पाहावी लागत नसे. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' येथपर्यंतचा मायना मुखोद्गतच असे. खरे लिहावयाचे ते 'विशेष'नंतर. शेवटी 'बहुत काय लिहिणे' आणि मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे होती. मजकूर येथे संपला, याखाली कोणी ओळ वाढवू नये, हाच त्याचा उपयोग.

आज शाळेचा पत्रव्यवहार ई-मेलने करताना तीच व्यवस्था आढळून आम्हांस मौज वाटली. सहीच्या वर दोन आडव्या रेघा व एक मोकळी जागा, एवढीच ओळ घालण्याचा तेथे संकेत आहे. थंडरबर्डसारखा प्रोग्राम ती ओळखतो आणि उत्तर लिहिताना तिच्याखालील सही गाळतो. हे मोर्तबच नव्हे काय! सही चार ओळींहून मोठी नसावी, असेही १९९५ च्या शिष्टाचार-नियमांत सांगितले होते. आमच्याकडे दोन ओळींचा मजकूर आणि दहा ओळींच्या पदव्या येतात, ते असो.

जीमेलमध्ये नेहमीचा मजकूर 'टेम्प्लेट' म्हणून साठविता येतो. ती सोय आधी सेटिंग्जमधील 'ॲडव्हान्स्ड' भागात चालू करावी लागते. दाखल्यासंबंधीच्या चौकशीचे हिंदी उत्तर आम्ही असेच ठेवले आहे. वाचकांनी घरच्या पत्रांसाठी मराठी मायनेही ठेवावेत. हिंदी-इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना 'तीर्थरूप' वडिलांना आणि 'तीर्थस्वरूप' वडिलांसमान इतरांना, हे तेवढ्याने तरी कळेल.

सांत्वनाचे पत्र मात्र साठवणीतून काढू नये. सहीही पाहून घ्यावी. फ्रीगंजातील एका वृद्ध गृहस्थांस पत्नीवियोगानंतर पुतण्याचे पत्र आले. चार ओळी मनापासून लिहिलेल्या; खाली आपोआप चिकटलेला हुद्दा, कंपनीचे नाव आणि नव्या योजनेची जाहिरात! त्यांनी जाहिरातच दोनदा वाचली आणि काही न बोलता फोन बाजूस ठेवला. पूर्वी अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडीत, वर 'श्री' लिहीत नसत. नित्याचे काही गाळलेले दिसताच घर उमजत असे. संगणकावर जीमेलमध्ये पत्राच्या तळाशी पेनाचे चिन्ह असते. तेथे 'नो सिग्नेचर' निवडावे आणि खाली आपले घरातले नाव लिहावे.