नेम धरावा की नेम पाळावा?

वर्षारंभी नवी दैनंदिनी हाती आली की तिच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहून ठेवण्याची ऊर्मी बहुतेकांना होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या बाबतीत हे ‘काहीतरी’ बहुधा आकड्यांत असते. यंदा पन्नास पुस्तके वाचायची, तीन शोधनिबंध लिहायचे, प्रबंधाची दोन प्रकरणे पुरी करायची. या आकड्यांमागची तळमळ खोटी नसते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने आपले वर्ष आकड्यांच्या हवाली करावे काय? करू नये, असे आमचे मत झाले आहे. ते अनुभवांती झाले असल्याने आधी तो अनुभव सांगणे योग्य होईल.

आम्ही चारपाच जण दर पंधरवड्याला एकत्र जमून वाचनाविषयी बोलतो. एका वर्षी प्रत्येकाने बावन्न पुस्तकांचा संकल्प सोडला. आठवड्याला एक, असा सरळ हिशेब. पहिले तीन महिने उत्साहात गेले. पावसाळा उजाडेपर्यंत मात्र आमची निवडच बदलली होती. पुस्तक हाती घेताना विषयाआधी पृष्ठसंख्या पाहिली जाऊ लागली. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले, १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ आम्ही तीनदा काढले आणि तीनदा परत ठेवले, कारण ते आठवड्यात बसणारे नव्हते. पुनर्वाचन हिशेबात धरायचे की नाही, यावर एकदा चक्क वाद झाला. डिसेंबरात दोघांनी बावन्नचा आकडा गाठला. पण त्या बावन्नांतील कोणत्याही पाच पुस्तकांवर दहा मिनिटे बोला म्हटले असते, तर ते त्यांना जड गेले असते. एक जण एकोणिसावर अडला होता आणि त्याची त्याला लाज वाटत होती. त्याने दोन महिने एकच कादंबरी पुन्हापुन्हा वाचली होती, हे त्याने आम्हांला फार उशिरा सांगितले. आमच्यापैकी खरा अभ्यास केला होता तो त्यानेच, आणि आम्ही ठरवलेल्या मोजमापात नापास झाला होता तोही तोच.

मराठीत ‘नेम’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. नेम धरणे म्हणजे लक्ष्याचा वेध घेणे. नेम पाळणे म्हणजे ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी, फळाकडे डोळा न लावता, करीत राहणे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत वृत्तीचे केवढे अंतर आहे! नेम धरणाऱ्यापुढे लागला किंवा चुकला, एवढे दोनच निकाल असतात. नेम पाळणाऱ्याचा एखादा दिवस चुकतो. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. वार्षिक उद्दिष्टे आपल्याला पहिल्या अर्थाकडे ओढतात, आणि साहित्याचा व्यासंग मात्र दुसऱ्या अर्थाने चालतो.

पुढच्या वर्षी आम्ही आकडा टाकून दिला आणि त्याऐवजी एक क्षेत्र निवडले: आरंभीचे मराठी गद्य. काय आणि किती वाचायचे, हे ठरवले नाही. रोज सकाळी चार-पाच लीळा वाचायच्या आणि पंधरवड्याने भेटायचे, एवढाच नेम ठेवला. लीळा लहान असतात, नेमाला त्या सोयीच्या पडतात. पण एकेका लीळेपाशी थांबावे लागते. तिथल्या गावांची आणि देवळांची नावे मनात घर करू लागली, तसे आम्ही ‘स्थानपोथी’कडे वळलो. तिथून रा. चिं. ढेरे यांच्या ‘चक्रपाणि’पर्यंत पोचलो. यातले एकही पाऊल जानेवारीत आखलेले नव्हते. आखता आलेच नसते. पुढे काय वाचायला हवे, हे हातातले पुस्तक सांगत होते. उद्दिष्ट ठरवताना आपल्याला जेवढे ठाऊक असते तेवढ्याच्याच आधारे ते ठरते, आणि वर्षभराच्या वाचनाने शहाणपण आले तरी त्याला त्या उद्दिष्टात जागा नसते. क्षेत्राचे तसे नाही. ते अभ्यासकाबरोबर वाढते.

ढेरे यांचेच उदाहरण घ्यावे. ‘लज्जागौरी’ १९७८ साली आली, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली. या पुस्तकांकडे सुटीसुटी पाहिले तर विषय वेगळे दिसतात. एकत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते की लोकदैवतांचे मूळ आणि त्यांचे उन्नयन या एकाच क्षेत्रात हा अभ्यासक आयुष्यभर वावरत होता. सर्जनशील लेखनातही हेच दिसते. अरुण कोलटकरांचा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ चा. त्यानंतरचे मराठी संग्रह पुस्तकरूपाने आले ते २००३ च्या सुमारास. मधल्या पाव शतकाच्या वार्षिक अहवालात मराठी संग्रहांच्या रकान्यात काय भरले असते? शून्य! परंतु हायपेशियापासून व्हिएतनाम युद्धातल्या किमपर्यंत देशोदेशींच्या स्त्रियांचे अश्रू एकत्र आणणारी ‘भिजकी वही’ काही एका वर्षाच्या संकल्पातून निघत नसते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी क्षेत्र निवडून स्वस्थ भ्रमंती केली असती, तर ज्ञानकोशाचे तेवीस खंड झाले असते काय? मुळीच नसते. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच कालावधीचा हिशेब आहे. कोश, सूची, पाठ्यपुस्तक, प्रबंध या कामांना मुदत हवीच, कारण त्यांत इतरांचे श्रम, पैसा आणि प्रतीक्षा गुंतलेली असते. आमचे म्हणणे एवढेच, की मुदत कामाला असावी, व्यासंगाला नसावी. दुसरा धोका आम्ही स्वतःच कबूल करतो. ‘माझे क्षेत्र अमुक’ असे सांगत वर्षानुवर्षे काहीही न करणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. क्षेत्राला नेमाची जोड नसेल, तर ते आळसाचे भारदस्त नाव ठरते.

हा प्रश्न व्यक्तिगत आवडीपुरता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुण देणारी ‘एपीआय’ पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीने तिच्यात मोठे बदल केले, पण तिने लावलेली सवय गेली नाही. परिसंवाद किती, निबंध किती, हे विचारले जाते; कोणता प्रश्न तुम्हांला दहा वर्षे सोडत नाही, हे कोणी विचारीत नाही. पोटापाण्यासाठी अध्यापकाला ते रकाने भरावे लागतात, त्याबद्दल त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्या रकान्यांनाच तो आपले वर्ष समजू लागला, की त्याचे विद्यार्थीही तसेच समजू लागतात. ‘किती वाचलेस?’ असे विचारणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली मोजून वाचणारेच तयार होणार. ‘सध्या कशात आहेस?’ असे विचारणारा शिक्षक लाभला, तर एखादा तरी विद्यार्थी एकोणिसाव्या पुस्तकापाशी न लाजता थांबेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दैनंदिनीच्या पहिल्या पानावर आकड्याऐवजी एक क्षेत्र लिहावे, फार तर दोन. त्याखाली आपल्याला खरोखर छळणारा एक प्रश्न लिहावा आणि त्याच्याखाली रोजचा किंवा आठवड्याचा, निभेल असा नेम. वर्षअखेरीस किती झाले ते मोजू नये. प्रश्न तोच राहिला की बदलला, एवढे पाहावे. बदलला असेल, तर वर्ष कारणी लागले असे खुशाल समजावे.