इच्छाशक्तीचे भांडवल

वृषणाचा कर्करोग हा प्रामुख्याने तरुणांचा रोग आहे. १५ ते ४० या वयात, म्हणजे माणूस उमेदीने राबत असतो नेमक्या त्याच काळात, तो त्याला गाठतो. नॉर्वे-डेन्मार्कच्या मानाने भारतात त्याचे प्रमाण फारच अल्प. तेव्हा अशा विरळ रोगासाठी समाजवादी चळवळीने लेखणी का झिजवावी, असे एखादा साथी विचारील. उत्तर सरळ आहे. हा रोग बहुतांशी बरा होतो. म्हणूनच वैद्यकाचे काम कोठे संपते आणि समाजाचे कोठे सुरू होते, ती सीमारेषा येथे लख्ख दिसते.

ही किमया बाजाराने केलेली नाही. मिशिगन राज्य विद्यापीठात १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशीविभाजनावरील परिणाम आढळला. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी त्यातून सिद्ध झालेल्या सिस्प्लॅटिनची आणखी दोन औषधांशी सांगड घातली. ही दोन्ही सार्वजनिक विद्यापीठे. त्यापूर्वी शरीरभर पसरलेल्या रोगातून दहांत एखादाच वाचे. आज वेळेवर उपचार मिळाल्यास सर्व रुग्णांपैकी शेकडा ९० हून अधिक बरे होतात.

परंतु या औषधाची किंमत शरीर पुढे अनेक वर्षे फेडत राहते. उपचारानंतर वीस वर्षांनीही रक्तात प्लॅटिनमचे अंश सापडले आहेत. हातापायांना बधिरता येते, कानात सतत आवाज घुमतो, हृदयविकाराचा धोका वाढतो, थकवा आणि चिंता पाठ सोडत नाहीत. पुरुषत्वाविषयीची शंका मनात घर करते, आणि अवघड जागेचे दुखणे म्हणून तिचा उच्चारही होत नाही. ज्याचे तळवे बधिर झाले आहेत त्याने यंत्रापुढे आठ-दहा तास उभे राहायचे असते, ही गोष्ट रुग्णालयाच्या कागदावर कोठेच नोंदली जात नाही.

या हानीवर व्यायाम हा एक खरा उतारा आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ रोगमुक्तांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील एका गटाला तज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, जोरकस व्यायाम देण्यात आला. त्या गटाची हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढली, थकवा घटला, आत्मसन्मान उंचावला. व्यायामाची उपयुक्तता वादातीत आहे. वाद आहे तो त्याच्या अटींचा.

भांडवली जगाने या अटींवर एकाच शब्दाचा पडदा टाकला: इच्छाशक्ती. लान्स आर्मस्ट्राँग हा सायकलपटू १९९६ मध्ये याच रोगाने आजारी पडला, बरा झाला आणि १९९९ पासून सलग सात वेळा फ्रान्सची महाशर्यत जिंकला. त्याच्या नावाने पिवळे मनगटपट्टे कोट्यवधींच्या संख्येने खपले. ‘मनात आणाल तर जिंकाल’ हा त्यामागचा संदेश. २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्याचे आजारपण खरे होते आणि त्याचे कष्टही खरे होते. परंतु इच्छाशक्तीच्या या मूर्तीमागे पगारी संघ, डॉक्टर, प्रशिक्षक आणि शेवटी निषिद्ध औषधेही उभी होती, हे सत्य त्या पट्ट्यांवर छापलेले नव्हते. जो कामगार हे सारे नसताना व्यायाम करू शकत नाही, त्याला मात्र आळशी ठरविले जाते.

प्रेरणा आकाशातून पडत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते टिकाऊ प्रेरणा तीन गोष्टींवर उभी असते: स्वायत्तता, सामर्थ्याची जाणीव आणि आपलेपणा. ज्याच्या वेळेवर मुकादमाची मालकी आहे त्याला स्वायत्तता कोठून मिळणार? ज्याला शरीर कितपत ताणावे हे सांगणारा कोणी नाही त्याला सामर्थ्याची जाणीव कशी व्हावी? आणि जो लाजेने आपला रोग लपवतो त्याला सोबती कोठून लाभणार? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तेच राज्यकर्ते योगदिनी जनतेला निरोगी राहण्याचा उपदेश करतात! वेळ काढून घ्यायचा आणि वर आळसाचा ठपका ठेवायचा, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

चालायला पैसे लागत नाहीत, असे म्हटले जाईल. चालणे जरूर हितकारक आहे. पण बारा तासांची पाळी आणि दोन तासांचा प्रवास यांनंतर उरणारा तास फुकट नसतो. तो झोपेतून कापलेला असतो. शिवाय जोरकस व्यायाम हा कोणी ऐकीव माहितीवर करण्याचा प्रकार नव्हे. नॉर्वेत केमोथेरपी चालू असतानाच असा व्यायाम देणारी चाचणी रक्ताच्या गुठळ्यांच्या गुंतागुंतीमुळे मुदतीपूर्वी थांबवावी लागली. कधी, किती आणि कोणाच्या नजरेखाली, हे ठरविण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. त्याला वेतन लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि कर्मचारी राज्य विमा योजना यांत देखरेखीखालील व्यायाम हा कर्करोगोपचाराचाच भाग मानला जावा. जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचारतज्ज्ञांची पुरेशी कायम पदे असावीत. तपासणी व पुनर्वसनासाठी पगारी रजेचे कलम प्रत्येक कामगार करारात यावे. बारा तासांच्या पाळीला विरोध हा आरोग्याचाही लढा आहे, हे कार्यकर्त्यांनी गेटसभांतून मांडावे, आणि या रोगाचे नाव तेथे न लाजता उच्चारावे. एका तरुणाने ते ऐकून वेळेवर डॉक्टर गाठला तरी ती सभा सार्थकी लागली.

तिशीत बरा झालेल्या माणसापुढे चाळीस वर्षांचे आयुष्य असते. विज्ञानाने ते त्याला परत दिले. ते धापा टाकत काढायचे की ताठ मानेने जगायचे, हे एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडणारा समाज आपली जबाबदारी झटकत असतो.