कोंबडीची लस आणि आपली भीती

"डॉक्टर, कोंबड्यांना लसी देतात म्हणे. मग चिकन खावं की नको?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझं स्पष्ट मत सांगतो : लसीला घाबरू नका. काळजी करायचीच असेल, तर अँटिबायोटिकची करा.

ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला येते. तेवढ्या काळातही तिला श्वसनाचे दोन विषाणूजन्य आजार गाठू शकतात : राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, आणि इन्फेक्शियस ब्राँकायटिस. दोन्हींवर औषध नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लसीचा थेंब टाकतात आणि पुढे पिण्याच्या पाण्यातून पुन्हा लस देतात. आपण बाळांना पोलिओचे थेंब देतो, तसंच हे.

या लसीतला विषाणू सौम्य असतो आणि शिजवल्यावर टिकत नाही. लस देणाऱ्याच्या डोळ्यात ती उडाली, तर डोळे काही दिवस लाल होऊ शकतात, एवढंच. ब्राँकायटिसचा विषाणू 'कोरोना' कुळातला आहे हे खरं, पण तो कोंबड्यांचा; माणसाला त्याची बाधा होत नाही. 2020 मध्ये चिकनमुळे कोविड होतो अशी अफवा पसरली आणि अनेक पोल्ट्रीवाले बुडाले.

आता खरा मुद्दा. लस चुकली की विषाणू श्वासनलिकेचं अस्तर दुखावतो, मागोमाग ई. कोलायसारखे जिवाणू शिरतात आणि मग पाण्यातून अँटिबायोटिक सुरू होतं. त्या औषधांना दाद न देणारे जिवाणू माणसांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच सरकारने 2019 मध्ये कोलिस्टिन हे आपलं राखीव अँटिबायोटिक पशुपालनात वापरायला बंदी घातली. लघवीच्या संसर्गाला नेहमीच्या गोळ्या लागू न पडणारे रुग्ण आम्ही रोज पाहतो. त्यात आपण स्वतः मनाने घेतलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे, पण पोल्ट्रीचाही आहे.

तेव्हा वेळेवर लस, खेळती हवा आणि कोरडी गादी सांभाळणारा पोल्ट्रीवाला तुमच्याही आरोग्याची काळजी घेतो. तुम्ही एवढंच करा : कच्चं चिकन हाताळल्यावर साबणाने हात धुवा, सुरी-पाट वेगळे ठेवा आणि चिकन आतपर्यंत नीट शिजवा. आणि हो, सर्दीसाठी मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक आणू नका!