लहान क्षणांची शिदोरी

कोरोनाचा विषय निघाला की आता कुणी ऐकून घ्यायला तयार नसतं. 'नकोत त्या आठवणी' म्हणून बोलणारा गप्प होतो आणि ऐकणारा विषय बदलतो. ते स्वाभाविकही आहे. पण त्या दिवसांत आपल्या घरात जी लहान मुलं होती, त्यांच्या मनात तो काळ कोणत्या रूपानं राहिला आहे, हे आपण त्यांना कधी विचारलंय का?

आमच्या कॉलेजात यंदा पहिल्या वर्षाला असलेली मुलं २०२० साली सहावी-सातवीत होती. मराठीच्या तासाला मी त्यांना 'लॉकडाऊन' या विषयावर एक पान लिहायला सांगितलं. मास्क, सॅनिटायझर, ऑनलाइन क्लास असंच काही वाचायला मिळेल, अशी माझी कल्पना. काहींनी ते लिहिलंही. बहुतेकांचं पान मात्र दुसऱ्याच गोष्टींनी भरलं होतं. आपल्या बाबांना भाकरी थापता येते, हे एका मुलीला तेव्हा कळलं. एकाचे वडील उद्यमबागेत कारखान्यात शिफ्टला जाणारे. एरवी ते घरी यायचे तेव्हा हा झोपलेला असायचा. कारखाना बंद होता त्या दिवसांत त्यांनी त्याला सायकलची चेन बसवायला शिकवलं. एकीनं आज्जीबरोबर गच्चीवर सांडग्यांची राखण केली आणि कावळे हाकलता हाकलता आज्जीच्या लग्नाची सगळी हकीगत ऐकली.

एका पानावर मात्र मी थांबले. त्या मुलीचे वडील २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत गेले. तिनं आजाराबद्दल, दवाखान्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आदल्या वर्षी रोज संध्याकाळी चालणाऱ्या कॅरमच्या डावाबद्दल लिहिलं होतं. शेवटी एवढंच होतं, 'पप्पा मुद्दाम हरायचे, हे मला आता कळतंय.'

मोठ्यांना तारखा आठवतात. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, २५ मार्चपासूनचे ते एकवीस दिवस, मग वाढत गेलेली मुदत. मुलांच्या लक्षात राहतं ते हे, की आपल्याजवळ कोण बसलं होतं आणि त्याला उठून जायची घाई होती की नव्हती.

माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. आपल्याकडे कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे त्याची अख्खी तिसरी वर्गाचं दार न बघताच गेली! पाढे त्यानं जिन्याच्या पायऱ्या मोजत पाठ केले. अर्धा आणि पाव त्याला भाकरीच्या तुकड्यांवरून समजले. डाळ निवडताना खडा पहिल्यांदा कुणाला सापडतो, याची आमच्यात पैज लागायची. यात काही मोठं शिक्षणशास्त्र नव्हतं. स्वयंपाक करायचाच होता, तो माझ्याशेजारी बसत होता, इतकंच.

माझं माहेर चंदगड तालुक्यात. तास-सव्वा तासाची वाट. पण मध्ये राज्याची हद्द! नाके बंद झाले आणि रोजच्या येण्याजाण्यातलं गाव एकदम लांब गेलं. पोरानं एक दिवस विचारलं, "आई, आज्जीचं गाव परदेशात आहे काय?" सीमाभागातल्या किती घरांत हा प्रश्न विचारला गेला असेल! मग रोज संध्याकाळी सातला फोन ठरला. आज्जी एक गोष्ट अर्धी सांगायची आणि 'उर्वरित उद्या रे राजा' म्हणून फोन ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ह्याचं घड्याळाकडे बघणं सुरू. आज्जी गेल्या उन्हाळ्यात वारली. मुलगा आता हायस्कुलात आहे, पण त्या गोष्टी तो अजून तिच्याच आवाजात सांगतो.

हे सगळं लिहिताना तो काळ फार गोड होता, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांचा रोजगार बुडाला, त्यांच्या घरात कॅरम खेळायला मन कुठून यावं? एका मोबाईलवर तीन भावंडांचा अभ्यास चालला होता. खेड्यापाड्यांतून तोही नव्हता. ऑगस्ट २०२० मध्ये 'विद्यागम' योजनेतून शिक्षक गावात जाऊन देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली मुलांना शिकवू लागले, पण संसर्गाच्या भीतीनं ऑक्टोबरमध्ये तेही थांबवावं लागलं. त्या दोन वर्षांत मागं पडलेलं वाचन-गणित भरून काढताना शिक्षक आणि मुलं किती दमली, हे शाळांत जाऊन बघावं. साथीनं आपल्याला काही दिलं नाही. हे क्षण आधीपासून आपल्याच घरात होते, फक्त आपण तेव्हा घरी होतो.

आता गाडी पुन्हा रुळावर आली. शाळा, ट्यूशन, क्लास, कंपनी, मोर्चे, लग्नकार्यं. घरातली चार माणसं चार वेळांना जेवतात. सुट्टीत मुलांना कुठंतरी लांब फिरायला नेलं, महागाची वस्तू घेऊन दिली, की आपलं कर्तव्य झालं असं आपल्याला वाटतं. त्यातही वाईट काही नाही. पण त्या वह्यांमध्ये एकाही मुलानं महागाच्या वस्तूबद्दल लिहिलं नव्हतं, एवढं मी सांगू शकते.

फार काही करायला नको. आठवड्यातले निदान तीन दिवस रात्रीचं जेवण एकत्र होऊ द्या. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना पोराला शेजारी बसवा. काम थोडं उशिरा होईल, होऊ दे. त्याच्या शाळेतली लांबलचक, कंटाळवाणी गोष्ट शेवटपर्यंत ऐका. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी मुलांना त्यांच्या खोलीत मोबाईल न देता पाठवा.

आज रात्री जेवताना मुलांना एकदा विचारून तर बघा, 'लॉकडाऊनमधलं तुला काय आठवतं?' उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही. पण ते ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवूनच विचारा.