मैदानावरचे मानकरी

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शालेय व महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला म्हणजे त्यांच्या उद्घाटनसमारंभांविषयी दोन परस्परविरोधी मते हटकून कानी पडतात. आणि ती मांडणारी माणसे एकमेकांस कितीही पाण्यात पाहत असली, तरी दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणी घडते असे मला वाटत असल्यामुळे हा लेखप्रपंच. पहिला पक्ष संयोजकांचा. त्यांचे प्रतिपादन असे की, प्रेक्षक हा मुळातच थाटाचा भुकेला असतो. शामियाना, ध्वनिक्षेपकांच्या भिंती, आतषबाजी, दूरचित्रवाणीवरून ओळखीचा झालेला एखादा चेहरा आणि व्यासपीठावर सत्ताधाऱ्यांची दाटी एवढा इतमाम केला नाही, तर मैदान ओस पडेल. दुसरा पक्ष त्रासलेल्या क्रीडाशिक्षकांचा आणि काटकसरी पालकांचा. उद्घाटन हा पोकळ उपचार आहे, तो परमुलखातून उचललेला आहे, त्यात मुलांचा वेळ व सरकारी पैसा खर्ची पडतो, सबब तो साफ बंद करावा, फक्की मारावी, नाणे उडवावे आणि खेळास लागावे, असे तो म्हणतो. दोघेही प्रेक्षकाच्या वतीने बोलतात. परंतु युवकांच्या स्पर्धेला येणारा प्रेक्षक हा कोण असतो, याची चौकशी मात्र दोघांपैकी कोणी केलेली दिसत नाही.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. आपल्याकडील एखाद्या विभागीय स्पर्धेची निमंत्रणपत्रिका हाती घेऊन पाहावी. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती अशा उतरत्या रकान्यांत राजशिष्टाचाराच्या बारीक हिशेबाने नावे बसविलेली असतात; एकाचे नाव दुसऱ्याच्या खाली गेले तर त्याचे पडसाद कोठे उमटतील याची धास्ती असते; तळाशी विनीतांची आणखी एक पलटण उभी असते; परंतु ज्यांच्या खेळासाठी हा सारा खटाटोप, त्या संघांची नावे त्या पत्रिकेवर शोधूनही सापडत नाहीत. समारंभही याच शिरस्त्याने पार पडतो. आठाची वेळ दिलेली, म्हणून मुले सातापासून रांगेत. किनवटहून लातुरास आलेला संघ तर आदल्या दिवशी नांदेड ओलांडून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास एस.टी.चा प्रवास करून आणि शाळेच्या वर्गखोलीत सतरंजीवर रात्र काढून उभा असतो. पाहुण्यांचा ताफा अहमदपूरपर्यंत आला, चाकूरपर्यंत आला, विश्रामगृहावर चहाला थांबला, अशा वार्ता अधूनमधून ध्वनिक्षेपकावरून झिरपतात. ताफा येतो तेव्हा ऊन चढलेले असते. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाली, श्रीफळे, फेटे, प्रास्ताविक आणि भाषणे. आणि ज्या मुलांनी पहाटे धावून अंग मोकळे केले होते त्यांचे पाय ताठरून जातात, एखादी मुलगी घेरी येऊन मटकन खाली बसते, तिला सावलीत नेण्यासाठी तिचे सर रांगेमागून धावतात, आणि वक्ता त्याच क्षणी युवाशक्तीचे गुणगान करीत असतो.

मराठवाड्यातील माणसाला ही प्रतीक्षा नवी नाही. साहेबांचा दौरा मुक्कामी यावयाचा असला म्हणजे रयतेने कामधाम टाकून वेशीपाशी तिष्ठत राहावे, हा निजामी अंमलातील दस्तूर होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला. त्या अंमलाविरुद्धच्या लढ्याचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठही याच तारखेस, १९९४ साली, नांदेडला स्थापन झाले. अंमल गेला, विद्यापीठ आले, परंतु वेशीपाशी उभे राहण्याची सवय तेवढी या मुलखाच्या अंगात मुरून राहिली. आणि आता आपण ती चौदा वर्षांच्या मुलांना क्रीडाशिस्त म्हणून शिकवीत आहोत.

थाट नसेल तर प्रेक्षक फिरकत नाही, असे म्हणणाऱ्याने लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील कुस्त्यांचा फड एकदा डोळे उघडे ठेवून पाहावा. मार्गशीर्षातील त्या यात्रेला माणसे कोठकोठून येतात. घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार पाहतात, पालखीला हात लावतात आणि फडाभोवती गर्दी करतात. आपल्या मुलखातील कुस्त्यांच्या फडाचा जो जुना रिवाज आहे, त्याकडे आमच्या संयोजकांचे लक्ष गेलेले नाही. फडाचा आरंभ नामांकित मल्लांनी होत नसतो. आखाड्याचे पूजन होते, हलगी कडाडते, आणि प्रथम मातीत उतरतात ती दहा-बारा वर्षांची पोरे. रेवड्यांवर, नारळावर, फार तर किरकोळ इनामावर त्यांच्या कुस्त्या लागतात. दिवस कलेल तशी इनामाची रक्कम चढत जाते आणि मानाची कुस्ती सर्वांच्या शेवटी होते. युवकांच्या स्पर्धेचे याहून शास्त्रशुद्ध उद्घाटन कोणते असू शकेल, हे मला तरी सुचत नाही. पुढारी तेथेही असतात. त्यांना फेटे बांधतात, त्यांच्या हस्ते एखादी जोड लावतात, त्यांची नावेही पुकारतात. परंतु हलगी त्यांच्यासाठी थांबून राहत नाही, आणि आपल्यासाठी ती थांबली नाही म्हणून कोणी रागावून परत गेल्याचे ऐकिवात नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरीचा किताब मिळविला तो लातूरच्याच अधिवेशनात. ज्या प्रेक्षकाची नजर असल्या कुस्त्यांवर तयार झाली, त्याला मैदानात आणण्यासाठी आतषबाजी लागते असे म्हणणे हा त्याचा उघड उपमर्द आहे.

पाश्चात्त्य समारंभांच्या भव्यतेचे दाखले देणाऱ्यांनी त्या समारंभातील आणखी एक नियम सोबत आणावयास हवा होता. ऑलिंपिक सनदेने यजमान देशाच्या राष्ट्रप्रमुखास स्पर्धा खुल्या झाल्याचे जाहीर करण्यासाठी एकच ठराविक वाक्य नेमून दिलेले आहे, आणि त्यात पदरचे काही घालण्याची मुभा त्याला नाही. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरसारख्या वाचाळ हुकूमशहालाही त्या एका वाक्यावर गप्प बसावे लागले. आमच्या एखाद्या समितीच्या सभापतींना मात्र चाळीस मिनिटे अपुरी पडतात. आपण तिकडून अग्निक्रीडा आणली, ज्योत आणली, नृत्याचे ताफे आणले. पाहुण्याचे तोंड आवरणारे ते वाक्य तेवढे बरोबर वाटेत गहाळ झाले.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा उपचार परका आहे, हा त्यांचा पहिला आक्षेप. इतिहास म्हणून तो बराचसा खरा आहे. खेळाडूंची शपथ १९२० साली अँटवर्पला प्रथम घेतली गेली, ज्योत १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला पेटली, आणि ऑलिंपियाहून मशाल पळवीत आणण्याची कल्पना तर त्याच बर्लिनची, जिचा नाझी राजवटीने आपल्या डौलासाठी यथेच्छ उपयोग करून घेतला. परंतु उगम परका एवढ्यावरूनच वस्तू टाकावयाची, तर व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि क्रिकेट ही प्रथम टाकावी लागतील. शिवाय ज्याला संचलन म्हणतात तो प्रकार या भूमीला अनोळखी आहे, हे कोणी सांगावे? ज्या माळेगावात देवस्वारीपुढे मानकरी आपापल्या क्रमाने चालतात, आणि ज्या नांदेडात हुजूर साहिबच्या मिरवणुकीत दसऱ्याला व होळीला शस्त्रधारी शीख तरुण रस्त्याने जातात, तेथील माणसाला ओळीने, निशाणामागून, नाव-गाव सांगत जाण्यात काय गोडी असते हे पढवावे लागत नाही.

उपचार पोकळ आहे, हा दुसरा आक्षेप मात्र अधिक वजनाचा, आणि त्याला उत्तर देण्यासाठी थोडे अंकगणित मांडले पाहिजे. शालेय स्पर्धांसाठी महाराष्ट्राचे आठ विभाग पाडलेले आहेत. लातूर हा त्यांपैकी एक आणि नांदेड त्यात येते. कबड्डी किंवा खो-खोची राज्यस्पर्धा बाद पद्धतीने खेळविली, तर पहिल्या फेरीतच आठांपैकी चार संघ बाहेर पडतात. म्हणजे वर्षभर शेतातून येऊन सराव केलेल्या, तालुका, जिल्हा आणि विभाग जिंकून आलेल्या निम्म्या मुलांच्या वाट्याला त्या स्पर्धेत दोनच गोष्टी येतात: एक सामना आणि एक संचलन. सामन्यात ती हरतात. उद्घाटन बंद करा असे म्हणणारा त्यांच्याजवळून त्यांची उरलेली गोष्ट काढून घेत असतो. आणि तिला उशीर लावून, तिच्यावर भाषणे लादून ती नासविणारा संयोजकही परिणामी तेच करीत असतो. म्हणूनच प्रारंभी म्हटले की दोघांची चूक एक आहे. समारंभ पाहुण्यांचा असतो, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. एकाला तो म्हणून हवा आणि दुसऱ्याला म्हणून नको, एवढाच काय तो फरक.

१९६४ साली टोकियोत ऑलिंपिकची ज्योत पेटविण्याचा मान योशिनोरी साकाई या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला देण्यात आला. हिरोशिमावर बाँब पडला त्या दिवशी त्याच प्रांतात त्याचा जन्म झाला होता, म्हणून जगाने त्याचे नाव लक्षात ठेवले. मला त्याच्याविषयीची दुसरी बाब अधिक मोलाची वाटते: तो धावपटू होता आणि जपानच्या ऑलिंपिक संघात त्याची निवड झालेली नव्हती. ज्याला त्या मैदानावर धावावयास मिळणार नव्हते त्यालाच पायऱ्या चढून ज्योतीपाशी पाठविण्याचे औचित्य ज्यांना कळले, त्यांना उद्घाटन म्हणजे काय हे कळले होते.

आपल्या घरचाही दाखला आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिक स्पर्धांच्या उद्घाटनात भारताचा ध्वज सुमित अंतिल यांच्यासह ज्यांनी वाहिला, त्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव मुखेड तालुक्यातील होनवडजच्या. त्या सोहळ्यात रोषणाई होती, संगीत होते, नर्तक होते, आणि पॅरिसकरांनी ते सारे मोठ्या कौशल्याने रचले होते हे मान्य केलेच पाहिजे; पण मुखेडच्या माणसाला त्या रात्री पडद्यावर काय पाहावयाचे होते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुढे त्यांना पदक मिळाले नाही. ध्वज धरल्याचा क्षण त्यामुळे उणा ठरला काय?

युवकस्पर्धेचा प्रेक्षक ओळखण्याची किल्ली येथे आहे. वानखेडेवर सामना पाहावयास जाणारा माणूस तिकिटाचे दाम मोजतो, म्हणून करमणूक मागण्याचा त्याला हक्क असतो. लातूरच्या क्रीडासंकुलात किंवा नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी स्टेडियममध्ये सकाळी डबा घेऊन येणारा प्रेक्षक हा कुणाचा तरी बाप, आई, मामा, वर्गमित्र किंवा गुरुजी असतो. त्याची अपेक्षा माफक, पण नेमकी असते. आपला संघ येताना दिसावा, त्याच्या गावाचे नाव शुद्ध उच्चारले जावे, कर्णधाराचे नाव पुकारले जावे, आणि पोर उन्हात फार वेळ राहू नये. हे पुरविण्यास निवेदकापुढे बिनचूक यादी लागते आणि घड्याळ लागते. रक्कम लागत नाही. ब्यूनस आयर्स या शहराने २०१८ च्या युवा ऑलिंपिकचे उद्घाटन स्टेडियमबाहेर, भर रस्त्यावर, तेथील प्रसिद्ध स्तंभापाशी केले. तिकीट ठेवले नाही. आणि ज्या स्पर्धेत मुले व मुली प्रथमच समसमान संख्येने उतरत होती, तिच्या आरंभाला नगरवासीयांनी रस्ता भरून टाकला. आमच्याकडे मात्र आईबापांस दोरीपलीकडे उभे करून पुढच्या खुर्च्या ज्यांच्यासाठी राखतात, ते दुसऱ्या भाषणाआधीच उठून गेलेले असतात.

सांस्कृतिक कार्यक्रमाविषयी एक गोष्ट ओझरती सांगतो. समारंभात यजमान शाळेच्या मुलींचे लेझीम, मुलांचा मल्लखांब आणि नांदेडात गतका ठेवतात, ते उत्तमच. तथापि ते पाहुण्यांच्या करमणुकीचे खाते म्हणून मांडणे चूक. हरियाणात जून २०२२ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका आणि मल्लखांब हे पदकांचे खेळ म्हणून दाखल झाले आहेत. ज्या मुलाकडून आपण भाषणांच्या मधल्या फटीत गतका करून घेतो तोही खेळाडूच आहे, आणि त्यालाही थंड पडलेल्या अंगाने फिरक्या घेणे घातक असते, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.

राहता राहिला व्यवहारी माणसाचा आक्षेप. मैदानाचे कुंपण, प्रकाशझोत, कपडे बदलण्याच्या खोल्या, प्रवासभत्ता या सर्वांसाठी निधी लागतो, निधी पुढाऱ्यांच्या मेहेरनजरेने मिळतो, आणि त्यांना व्यासपीठ दिले नाही तर ती नजर फिरेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या क्रीडाधिकाऱ्याला चुन्याच्या पोत्यासाठीही टिपणी सादर करावी लागते, त्याची अडचण खरी आहे. परंतु तो निधी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत सहीने मंजूर होतो, आणि तो जनतेच्या महसुलातला असतो. उन्हात किती मुले किती वेळ उभी राहिली याची नोंद कोणत्याही मंजुरीच्या कागदावर नसते. पाहुण्यांचा सत्कार करावयाचाच तर तो अंतिम सामन्यानंतर, पारितोषिकवितरणाच्या वेळी खुशाल करावा. तेथे भाषणेही होऊ द्यावीत, कारण जिंकलेली मुले कितीही वेळ थांबावयास तयार असतात. पहिल्या दिवशीचा क्रम मात्र निशाण, संचलन, शपथ आणि एक वाक्य एवढाच असावा. ते वाक्य उच्चारण्यासाठी पाहुण्यांनी आठ वाजता जरूर यावे. आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत ते न आले, तर गतवर्षीच्या विजेत्या संघाच्या कर्णधाराने ते म्हणावे आणि साडेआठाला पंचांनी पहिल्या सामन्याची शिटी वाजवावी. मागाहून येणाऱ्या पाहुण्यांची काही गैरसोय होणार नाही. बाकांवर जागा असतेच, आणि पहिल्या डावात काय झाले ते शेजारी बसलेला कोणीही पालक त्यांना आनंदाने सांगेल.